आपल्या गल्लीच्या डांबरीकरणासाठी तरतूद कशी मिळवावी

पुणे महापालिकेत रस्त्यांचा पैसा मुख्यतः मिळकतकर, बांधकाम परवानगी शुल्क आणि जीएसटी अनुदानातून येतो, आणि तो कोठे खर्च व्हावा हे खड्डे पडल्यावर नव्हे, तर 1 एप्रिलपासून लागू होणारे अंदाजपत्रक तयार होताना ठरते. म्हणून 2006 साली सुरू झालेल्या नागरिक सहभाग अंदाजपत्रकाचा, म्हणजे नागरिकांनी आपल्या भागातील कामे सुचवण्याच्या योजनेचा अर्ज, महापालिकेचे आवाहन निघताच, क्षेत्रीय कार्यालयात भरावा.

‘रस्ता खराब आहे’ एवढेच लिहू नये. काम कोणत्या चौकापासून कोणत्या चौकापर्यंत हवे, चेंबरचे झाकण रस्त्याच्या पातळीपासून किती इंच खाली गेले आहे, पाणी कोठे साचते, हे मोजून लिहावे आणि फूटपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र जोडावे.

त्याआधी एक चौकशी मात्र चुकवू नये: जुन्या कामाचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातील दोषांना ठेकेदार जबाबदार असतो ती मुदत, संपला नसेल, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, तेथे करदात्यांचा पैसा दुसऱ्यांदा जाऊ देऊ नये. जलवाहिनीची वा केबलची खोदाई ठरलेली असल्यास ती आधी उरकण्याची मागणी अर्जातच करावी, कारण नवे डांबर महिन्याभरात उकरलेले पाहणे फार क्लेशदायक असते. मंजुरीनंतर निविदा आणि कार्यादेशाचा (काम सुरू करण्याच्या लेखी आदेशाचा) पाठपुरावा लगेच सुरू करावा. पावसाळा लागला की डांबरीकरण थांबते.