हँडीकॅमचं शूटिंग कॉम्प्युटरवर घेताना

कार्डावरून नुसत्या एमटीएस फाइली (कॅमेरा ज्यात व्हिडिओ साठवतो त्या) उचलू नका, ‘प्रायव्हेट’ हे अख्खं फोल्डर कॉपी करा. लांब शूटिंगचे कॅमेरा २ किंवा ४ जीबीचे तुकडे पाडतो आणि ते जोडण्याची माहिती शेजारच्या छोट्या फाइलींत असते. ती हरवली की सांध्यावर आवाज अडखळतो, आणि तोही नेमका मंगलाष्टकांच्या ‘सावधान’ला!

एडिटिंगचं सॉफ्टवेअर एमटीएस घेत नसेल तरी लगेच कन्व्हर्ट करत बसू नका. आतला व्हिडिओ एच.२६४ या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीनेच दाबलेला असतो. एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘कॉपी’ पर्याय देऊन बाहेरचं वेष्टन तेवढं बदला, एमपी४ करा. दर्जा तसूभरही घटत नाही आणि वेळही फारसा जात नाही. त्यानंतरही लॅपटॉप धापा टाकत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी, बनवा.

एक्सपोर्टला फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) मूळ शूटिंगचाच ठेवा. शूटिंग १०८०आय (एकाआड एक ओळी टिपणारं) असेल तर डीइंटरलेस, म्हणजे त्या ओळींची पूर्ण चित्रं करणं, हवंच, नाहीतर हलत्या हातांच्या कडांना कंगव्याचे दाते फुटतात. हँडब्रेक या मोफत कन्व्हर्टरमध्ये आरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका दर्जा जास्त) २० ते २२ पुरे. त्याखाली गेलात तर फाइल फुगते, डोळ्यांना फरक कळत नाही. व्हॉट्सॲपवर मात्र डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवलेलं ते पुन्हा दाबतं.