विमा कंपनीच्या वार्षिक अहवालातील कायदेशीर जोखीम कशी वाचावी

लातूर, नांदेड, परभणीसारख्या शहरांतल्या अनेक घरांत आता एकाच विमा कंपनीची पॉलिसीही असते आणि शेअरही असतात. भारतीय आयुर्विमा महामंडळाने मे 2022 मध्ये 949 रुपये दराने शेअर विक्रीस काढले, तेव्हा पॉलिसीधारकांना प्रतिशेअर 60 रुपये सवलत होती आणि त्या निमित्ताने अनेकांनी पहिल्यांदा डीमॅट खाते उघडले. अशा वाचकाने वार्षिक अहवालातील नफा आणि लाभांश यांवर न थांबता कंपनीवर चालू असलेले खटले, नोटिसा आणि दंड यांची पानेही वाचावीत, कारण कंपनी आपल्या ग्राहकाशी कशी वागते याचा सर्वांत प्रामाणिक पुरावा तिथे असतो.

वाचायला बसण्यापूर्वी आपण कोणत्या नात्याने वाचत आहोत, हे निश्चित करावे. आयुर्विमा महामंडळ कायदा, 1956 च्या कलम 37 नुसार महामंडळाच्या पॉलिसींची विमा रक्कम व जाहीर झालेला बोनस यांना केंद्र सरकारची हमी आहे. शेअरधारकाला मात्र अशी कोणतीही हमी नाही. खासगी कंपन्यांच्या पॉलिसीधारकाला ही सरकारी हमी मिळत नाही, त्याचे संरक्षण भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या देखरेखीवर व सॉल्व्हन्सी गुणोत्तर (देणी फेडण्याच्या क्षमतेचे माप) किमान 1.50 राखण्याच्या बंधनावर अवलंबून असते. त्यामुळे कंपनीवरील मोठ्या कर-नोटिशीची झळ सहसा आधी शेअरधारकाला लागते आणि दावे नाकारण्याची सवय आधी पॉलिसीधारकाला भोवते.

हिशेबाच्या टिपांमध्ये ‘आकस्मिक देणी’, म्हणजे निकाल विरोधात गेल्यास द्यावी लागू शकतील अशी देणी, या नावाचा तक्ता शोधावा. त्यात दोन ओळी महत्त्वाच्या असतात: पॉलिसींव्यतिरिक्त कंपनीविरुद्ध केलेले, पण तिने देणे म्हणून मान्य न केलेले दावे, आणि वादात असलेल्या व ज्यांसाठी तरतूद केलेली नाही अशा वैधानिक मागण्या, म्हणजे मुख्यतः आयकर व वस्तू-सेवा कराच्या. इथे अनेक वाचकांची फसगत होते. पहिल्या ओळीच्या नावातच पॉलिसींवरचे दावे वगळलेले असल्याने, वारसाने किंवा शेतकऱ्याने न्यायालयात नेलेला दावा त्या आकड्यात येत नाही. तो बहुधा ‘इतर’ या ओळीत, खालच्या एखाद्या टिपेसह असतो. ती टीप आवर्जून वाचावी आणि रकमेची तुलना कंपनीच्या निव्वळ मालमत्तेशी करावी. कराची मागणी हजार कोटींची दिसली म्हणून घाबरू नये. अपिलात ती बऱ्याचदा कमी होते. मात्र एकाच कारणाची मागणी दरवर्षी नव्या वर्षासाठी वाढत जात असेल, तर निकाल विरोधात गेल्यास सर्व वर्षांचा बोजा एकदम येईल, हे लक्षात घ्यावे.

त्याच टिपांमध्ये, विविध प्राधिकरणांनी केलेल्या दंडात्मक कारवाईचा तक्ता असतो. कोणत्या प्राधिकरणाने, कोणत्या उल्लंघनासाठी, किती दंड ठोठावला आणि किती भरला, हे त्यात नमूद करावे लागते. दंडाची रक्कम मोठ्या कंपनीच्या दृष्टीने किरकोळ असते, म्हणून तिच्याकडे न पाहता उल्लंघनाचे कारण पाहावे आणि मागील चार-पाच वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून तेच कारण पुन्हा आले आहे का ते तपासावे. माझ्या मते संपूर्ण अहवालात याहून उपयुक्त पान नाही.

खटल्यांचा आकडा पाहताना त्यांचे स्वरूप अधिक पाहावे, आणि यासाठी मराठवाड्याइतके स्पष्ट उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल. 2020 च्या खरिपात तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टीने सोयाबीन हातचे गेले. नुकसानीची सूचना 72 तासांत दिली नाही या कारणावरून असंख्य शेतकऱ्यांना पीकविमा मिळाला नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले आणि 2022 मध्ये निकाल साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. त्याविरुद्ध अपिलात गेलेल्या विमा कंपनीला सर्वोच्च न्यायालयाने 200 कोटी रुपये जमा करण्यास सांगितले. ज्याच्या शेतात गुडघाभर पाणी, गावात वीज नाही आणि फोनला रेंज नाही, त्याने तीन दिवसांत ॲपवर सूचना द्यावी, ही अपेक्षाच अन्यायाची होती असे मला वाटते. अहवाल वाचणाऱ्याने यातून घ्यायची गोष्ट अशी की एकेकटा दावा लहान असला, तरी लाखो पॉलिसींना लागू असलेली एक अट न्यायालयात टिकली नाही, तर सगळे दावे एकाच दिवशी देणे होतात. म्हणून विमा कंपनीचे शंभर वेगवेगळे खटले एका वेळी झेपतात, पण एकाच कलमावरचे शंभर खटले धोक्याचे असतात.

पीकविम्यात शासननिर्णयाची जोखीमही मोठी आहे. बीडमध्ये 2020 पासून राबवलेल्या 80:110 पद्धतीत भरपाई हप्त्याच्या 110 टक्क्यांपलीकडे गेल्यास वरचा भार राज्याने उचलायचा, आणि ती 80 टक्क्यांहून कमी राहिल्यास कंपनीने हप्त्याचे 20 टक्के स्वतःकडे ठेवून उरलेला पैसा राज्याला परत करायचा, अशी तजवीज होती. खरीप 2023 पासून राज्यात एक रुपयात पीकविमा आला आणि 2025 मध्ये तो बंद होऊन शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपासाठी विमा रकमेच्या 2 टक्के व रब्बीसाठी दीड टक्का झाला. अहवालात पीकविम्याचा हप्ता एका वर्षात अचानक फुगलेला किंवा घसरलेला दिसला, तर त्या वर्षीचा शासननिर्णय आधी पाहावा.

आयुर्विम्यात हेच काम नियामकाचे आदेश आणि कराचे निर्णय करतात. 1 ऑक्टोबर 2024 पासून एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेल्या पॉलिसीलाही सरेंडर मूल्य, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी सोडल्यास परत मिळणारी रक्कम, द्यावे लागते. पूर्वी एकाच वर्षाचा हप्ता भरून पॉलिसी सोडणाऱ्याचे पैसे बुडत आणि ते कंपनीच्या नफ्यात जात. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा यांवरील वस्तू-सेवा कर रद्द झाला, पण त्याबरोबर कंपनीला खर्चावर मिळणारी कराची वजावटही गेली. ग्राहकाच्या हिताचे हे दोन्ही बदल कंपनीच्या नफ्यावर किती उतरले, हे व्यवस्थापनाच्या निवेदनात स्पष्ट लिहिले आहे की नाही ते पाहावे.

विमा कायदा, 1938 चे कलम 45 समोर ठेवून दाव्यांचा तक्ता वाचावा. पॉलिसीला तीन वर्षे झाल्यावर आयुर्विमा कंपनीला तिच्यावर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. म्हणून फेटाळलेले दावे प्रामुख्याने पहिल्या तीन वर्षांतले असतात, आणि त्यांचे प्रमाण चढत असेल तर विक्रीच्या वेळी आरोग्याची माहिती नीट घेतली जात नाही, असा संशय घ्यायला जागा असते.

बहुतेक मोठ्या कंपन्यांची वार्षिक सभा आता व्हिडिओद्वारे होते आणि प्रश्न आधी ईमेलने पाठवता येतो, त्यामुळे हिंगोलीत बसूनही शेअरधारक विचारू शकतो. प्रश्न नेमका असावा: विमा लोकपालांनी गेल्या वर्षी कंपनीविरुद्ध किती निवाडे दिले, त्यांपैकी किती निवाडे एकाच अटीवर होते, आणि ती अट पॉलिसीतून काढली का?