अमेरिकेत उद्योजक स्त्रियांची मेंटॉर व्हायचंय? मग आधी हिशेबाला बसा

न्यू जर्सीत बँक, अकाउंट्स, आयटी अशा ठिकाणी बरीच वर्षं नोकरी केलेल्या मराठी मैत्रिणी मला विचारतात, "मंडळाच्या कार्यक्रमांपलीकडे काहीतरी करायचंय गं. तू ते मेंटॉरिंग करतेस, त्यात नेमकं काय असतं?" हे लिहिणं त्यांच्यासाठीच. मी ज्यांच्यासोबत काम करते त्या बहुतेक जणी कृष्णवर्णीय, लॅटिना, कॅरिबियन किंवा आपल्यासारख्या दक्षिण आशियाई आहेत. कुणी केक करते, कुणी पाळणाघर चालवते, कुणाचं साफसफाईचं कंत्राट असतं. त्यांना जिद्द शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्तच असते. शेजारी बसून हिशेब तपासणारं माणूस आणि योग्य ठिकाणी शब्द टाकणारी ओळख, या दोन गोष्टी मात्र त्यांना सहसा मिळत नाहीत.

सुरुवात करायला स्कोअर ही संस्था चांगली. 1964 पासून ती सरकारच्या स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनच्या साथीने छोट्या व्यावसायिकांना मोफत मार्गदर्शन देते. मूळ कल्पना निवृत्त अधिकाऱ्यांची होती, पण आज नोकरी करणारेही मेंटॉर होतात. अर्ज भरायचा, ऑनलाइन प्रशिक्षण घ्यायचं, सुरुवातीला एखाद्या जुन्या मेंटॉरच्या सोबतीने बसायचं. समोरचीकडून पैसे घ्यायचे नाहीत, आपला धंदा तिच्या गळ्यात मारायचा नाही आणि तिची माहिती बाहेर बोलायची नाही. याशिवाय धंदा करणाऱ्या स्त्रियांना सल्ला आणि प्रशिक्षण देणारी विमेन्स बिझनेस सेंटर ठिकठिकाणी आहेत. ती ज्या कायद्याने सुरू झाली तो 1988 चा. तोपर्यंत काही राज्यांत बाईला धंद्यासाठी कर्ज हवं असेल तर घरातल्या पुरुषाची सही मागता येत असे. आज साठीत असलेल्या बायकांनी हे स्वतः पाहिलंय.

पहिल्या भेटीत आपण कमी बोलायचं. विशेषतः आपण भारतीयांनी "आम्हीही परक्या देशात शून्यातून उभे राहिलो" हे सांगायचा मोह आवरावा. आपल्यातल्या अनेकांनी येताना पदवी आणली आणि नोकरी आधीच ठरलेली होती. कृष्णवर्णीय कुटुंबांची गोष्ट वेगळी आहे. 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर त्यांच्या वस्त्या कर्जासाठी धोक्याच्या म्हणून लाल रंगाने दाखवल्या गेल्या, नेवार्कमधल्या वस्त्याही त्यात होत्या, आणि तिथे गृहकर्ज मिळणं दुरापास्त झालं. ज्या आजोबांना घर घेता आलं नाही त्यांच्या नातीकडे तारण ठेवायला घर नसतं. धंद्याचं पहिलं भांडवल अनेकदा घरातूनच येतं, त्यामुळे ही नात पहिल्या पायरीवरच अडते. हे समजून घेतलं की "आईवडिलांकडून थोडे उसने घे" असला सल्ला तोंडातून निघत नाही.

आता प्रत्यक्ष काम. त्रिनिदादची एक बाई घरी नारळाचा गोड ब्रेड करायची. मनुका, जायफळ, भरपूर किसलेला नारळ; माझ्या स्वयंपाकघरातलाच वास वाटला. 12 डॉलरला एक ब्रेड, शनिवारच्या बाजारात सगळे संपायचे, तरी हातात काही उरत नव्हतं. आम्ही टेबलावर पावत्या पसरल्या. जिन्नस, खोका आणि लेबल मिळून 4.60. ओव्हन आणि बाजारातल्या जागेचं भाडं वाटून 1.50. उरले 5.90. सहा ब्रेडच्या एका घाण्याला खरेदी, भाजणं आणि विकणं धरून चार तास लागत होते. म्हणजे तिला तासाला नऊ डॉलरही सुटत नव्हते, आणि राज्याचं किमान वेतन तेव्हा 15 च्या वर होतं. आकडा मी सांगितला नाही, भागाकार तिने स्वतः केला. बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे मीच माझी सगळ्यात स्वस्त कामगार आहे." त्यानंतर तिने भाव साडेसोळा केला. दोन गिऱ्हाइकं कुरकुरली, पण घेऊन गेली.

अशा वेळी स्थानिक नियम ठाऊक असलेला मेंटॉर फार उपयोगी पडतो. न्यू जर्सीत घरगुती बेकिंग विकायला परवानगी मिळाली ती थेट 2021 मध्ये. परवाना दोन वर्षांचा, फी 100 डॉलर, वर्षाची विक्री 50,000 डॉलरच्या आत, आणि माल थेट खाणाऱ्यालाच विकायचा. कॅफेला पुरवायचा असेल तर परवानाधारक स्वयंपाकघर भाड्याने घ्यावं लागतं. हे कॅफेचा करार झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

कर्जाच्या बाबतीत मी फार जागरूक असते. बँकेने नाही म्हटलं की फोनवर "आजच्या आज पैसे" देणारे गाठतात. 10,000 घ्या, 13,000 फेडा, रोज खात्यातून थोडे कापले जातील. ऐकायला तीस टक्के. पण मुद्दल रोज घटत असतं, त्यामुळे सहा महिन्यांत फेडलं तर वार्षिक दर शंभर टक्क्यांच्या घरात जातो. सही करण्याआधी हा हिशेब तिच्यासमोर मांडा. मग पर्याय दाखवा: सरकारी मायक्रोलोन, म्हणजे छोटं कर्ज, 50,000 डॉलरपर्यंत मिळतं, तेही ना-नफा संस्थांमार्फत. 'ग्रामीण अमेरिका' नावाची छोटी कर्जं देणारी संस्था 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये सुरू झाली. तिथे पाच जणींचा गट करून कर्ज देतात, आपल्या बचत गटासारखं.

अनुदानांची यादी देण्याआधी ती अजून चालू आहेत का ते बघा. अटलांटाच्या फिअरलेस फंड या गुंतवणूक संस्थेची फक्त कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी 20,000 डॉलरची अनुदान स्पर्धा होती. हा इतर वंशाच्या लोकांशी भेदभाव आहे, असं म्हणत 2023 मध्ये तिच्यावर खटला झाला. आधार कोणता, तर गुलामगिरीतून सुटलेल्यांना करार करण्याचा हक्क देणारा 1866 चा कायदा! 2024 च्या जूनमध्ये अपील न्यायालयाने स्पर्धा थांबवली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती कायमची बंद झाली. मला याची चीड येते. त्यानंतर इतरही अनेकांनी आपल्या अटी बदलल्या, म्हणून जुन्या याद्यांवर विसंबू नका.

आणि ओळख करून द्या. नुसतं "त्यांना भेट" म्हणून नंबर देऊ नका. आपल्या नावाने चार ओळींची ईमेल लिहा: ही कोण, काय विकते, किती विकते, तिला तुमच्याकडून नेमकं काय हवंय. ओळखीतला बँक मॅनेजर, पॅकेजिंगवाला, कंपनीच्या खरेदी विभागातली मैत्रीण, या लोकांना आपण एरवी सहज फोन करतो. तिच्यासाठीही करा.

एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या मैत्रिणींसाठी: ना-नफा संस्थेत, जिथे त्या कामाला एरवीही कुणाला पगार नसतो, तिथे विनामोबदला स्वयंसेवा साधारणपणे करता येते. जिला मार्गदर्शन करता तिच्या धंद्यात मात्र फुकटही राबायला जाऊ नका, ते नोकरीत मोजलं जाऊ शकतं. शंका असेल तर अर्ज करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, आणि अर्जात "मदत करायची आवड आहे" एवढ्यावर न थांबता तुम्हाला काय येतं ते लिहा: जीएसटीसारखे कर भरलेत, गोदाम सांभाळलंय, पगारपत्रक केलंय. कोणत्या मेंटॉरला कोणती उद्योजक द्यायची, ती जोडी त्यावरूनच लावतात.