मुलांना भाज्या-कडधान्यांची गोडी लावताय? या चुका टाळा

मुंबईतल्या शाळकरी मुलांना ‘झाडापासून मिळणारं अन्न खा’ असं वेगळं सांगायची गरजच नाही, ती तेच खातात. वडापावात बटाटा, बेसन, मैदा आणि तेल. खारी-टोस्ट मैद्याचे. वेफर्स, कुरकुरीत नळ्या, दोन मिनिटांचे नूडल्स, साबुदाणा वडा, लाल-पिवळं सरबत, यातल्या एकातही मांसाचा तुकडा नाही. सकाळी चहा-बिस्किट, मधल्या सुट्टीत वेफर्स, संध्याकाळी वडापाव असा दिवस काढलेलं मूल शंभर टक्के शाकाहारी असतं आणि तरीही डाळ, पालेभाजी, फळ यांतलं काही त्याच्या पोटात गेलेलं नसतं. शाळांमध्ये आहाराचे वर्ग घेताना पहिला घोळ इथेच होतो. ‘शाकाहारी’ आणि ‘पौष्टिक’ हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि मुलं निवांत वेफर्स फोडतात.

हिरव्या ठिपक्याचं तसंच. चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे पाकिटात मांस, मासे, अंडं नाही एवढंच. दूध असू शकतं, आणि साखर-मीठ-तेल कितीही असू शकतं. चौथीच्या पुढच्या मुलांना रिकामी पाकिटं आणायला सांगा आणि पुढची बाजू न बघता मागची वाचायला लावा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे, त्यामुळे पहिली तीन नावं वाचली तरी पाकिटातला मुख्य माल कळतो. ‘मल्टिग्रेन’ बिस्किटाच्या मागे पहिलं नाव मैद्याचं निघालं की वर्गात जो गलका होतो, त्याची सर कुठल्याही भाषणाला नाही. साखरेचा आकडा दिसला की त्याला 5 ने भागायचं, साधारण तेवढे चमचे. गोड सोड्यात 100 मिलीमागे 10 ग्रॅमच्या आसपास साखर असते. 300 मिलीच्या बाटलीत किती चमचे, हे मुलं स्वतः काढतात. सीबीएसईने 2025 च्या मे महिन्यात आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे कशात किती साखर आहे ते सांगणारे फलक, लावायला सांगितलं ते याचसाठी. पण नुसता फलक लावून उपयोग नाही, चमचे मोजायला हवेत.

पाप-पुण्याची भाषा

ही चूक सगळ्यात महागात पडते. भाज्यांचं कौतुक करता करता ‘मांसाहार वाईट’, ‘सात्त्विक मुलं हुशार असतात’ असली वाक्यं सहज तोंडातून निघतात. मुंबईच्या एका वर्गात कोळीवाड्यातलं मूल असतं, मोहल्ल्यातलं असतं, कोकणातून आलेलं असतं, जैन घरातलं असतं. आईने पहाटे उठून भरून दिलेला डबा सगळ्यांसमोर वाईट ठरला, तर ते मूल तुमचं पुढचं काहीही ऐकणार नाही, आणि का ऐकावं?

एका वर्गात तिसरीतल्या मुलाने हळूच विचारलं, “ताई, सुकट वाईट असते का?”

“नाही रे. सुकटीबरोबर काय खातोस?”

“तांदळाची भाकरी. आणि कांदा.”

“आणि हिरवं काय?”

जरा विचार करून तो म्हणाला, “आजी कधीतरी माठाची भाजी करते.”

“मग आठवड्यातून किती वेळा करायची, ते आजीला विचारून ये.”

शिकवायचं ते एवढंच: ताटात आहे ते राहू दे, त्याच्या बाजूला डाळ किंवा भाजी किती आली ते बघ. उलट बाजूनेही भान ठेवावं लागतं. गाजर, बीट, मुळा यांचं चित्र काढून ‘रोज खा’ म्हणणारा तक्ता जैन मुलाच्या कामाचा नाही. चातुर्मासात तर त्याच्या घरी पालेभाजीही बंद असू शकते. त्याच्यासाठी मूग, चवळी, दुधी, तोंडली, केळं तयार ठेवा. आणि वर्गात डबे उघडून तपासणी करणं, ‘कोणाचा डबा हेल्दी’ असे हात वर करायला लावणं, मुलांची वजनं सगळ्यांदेखत घेणं, हे ताबडतोब बंद. असं झालं की मुलं डबा झाकणाआड खायला शिकतात, बाकी काही शिकत नाहीत.

लोहासाठी पालक आणि गूळ, बस्स

हे पाठांतर इतकं पक्कं आहे की पालकही तेच म्हणतात, शिक्षकही तेच. आकडे बघा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 7 ते 9 वर्षांच्या मुलाला रोज 15 मिलीग्रॅम लोह लागतं आणि 10 ते 12 वर्षांच्या मुलीला 28. कच्च्या पालकात 100 ग्रॅमला जेमतेम 3 मिलीग्रॅम असतं, आणि शिजल्यावर ती जुडी वाटीच्या तळाशी बसते. गुळाच्या 10 ग्रॅमच्या खड्यात अर्धा मिलीग्रॅम, बाकी जवळपास सगळी साखर. पालक खाऊ नये असं नाही, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका. मसूर, मटकी, चवळी, हरभरे, अळीव, राजगिरा, तीळ ही नावं पालकाच्या बरोबरीने मुलांच्या तोंडी बसली पाहिजेत.

खरी गंमत पुढे आहे. वनस्पतींतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. ‘क’ जीवनसत्त्व सोबत असलं तर शोषण वाढतं, चहा सोबत असला तर घटतं. आपल्या घरांत नेमकं उलटं होतं: सकाळी चहा-चपाती, आणि लिंबू मात्र पाहुणे आल्यावर सरबतात. म्हणून मुलांना दोनच गोष्टी सांगा. जेवणाबरोबर चहा नको. घ्यायचाच तर तासाभराने. आणि उसळीवर लिंबू पिळायचं, तेही गॅस बंद केल्यावर, कारण उकळत्या उसळीत पिळलेल्या लिंबातलं ‘क’ जीवनसत्त्व बरंचसं वाया जातं. संत्रं महाग पडत असेल तर पेरू घ्या. 100 ग्रॅम पेरूत 200 मिलीग्रॅमच्या आसपास ‘क’ जीवनसत्त्व असतं, संत्र्यात त्याच्या पाव हिस्साही नसतं. शाळेच्या फाटकाबाहेर हातगाडीवर पेरू कापून मीठ-मसाला लावून देणारा माणूस या बाबतीत तुमचा मित्र आहे. फक्त मसाला थोडा कमी लावायला सांगायचं.

तरीही मूल फिकं, दमलेलं, माती-खडू खाणारं दिसत असेल तर ताटावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातली 15 ते 49 वयोगटातली 57 टक्के बायका-मुली रक्तक्षयाच्या कक्षेत आल्या होत्या. एवढ्या मोठ्या तुटीला नुसती उसळ पुरत नाही. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या (5 ते 9 वयाला गुलाबी, 10 ते 19 ला निळी) आणि जंतनाशक गोळी यांच्याबद्दल त्याच वर्गात बोलून घ्या. पोटात जंत असतील तर खाल्लेलं लोह अंगी लागत नाही.

शुक्रवारी भिजवलेले मूग

मोड आणण्याचा प्रयोग जवळजवळ प्रत्येक शाळा करते आणि निम्म्या शाळांत तो फसतो. कारण साधं आहे: वार चुकतो. शुक्रवारी मूग भिजवले, शनिवार-रविवार शाळा बंद, सोमवारी कपाट उघडलं की वासाने वर्ग रिकामा. मग ‘कडधान्य म्हणजे ईऽऽ’ ही समजूत मुलांच्या मनात कायमची बसते. सोमवारी सकाळी भिजवा, सुट्टी व्हायच्या आधी निथळून ओल्या सुती फडक्यात सैल बांधा, मंगळवारी बारीक मोड, बुधवारी बोटाच्या पेराएवढे. मटकी-मुगाला मे महिन्यात त्याहून कमी वेळ लागतो. पावसाळ्यात मोड चिकट होतात, तार सुटते. तेव्हा गाठोडं बंद डब्यात न ठेवता चाळणीत उघडं ठेवायचं आणि दिवसातून दोनदा स्वच्छ पाण्याखाली धुवायचं. वास आला तर टाकून द्या, ‘धुऊन चालेल’ म्हणू नका.

मोड कच्चे खायला देऊ नयेत. ओलाव्यात आणि उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात. पाच-सात मिनिटं वाफवा. वर कांदा, कोथिंबीर, लिंबू, शेंगदाण्याचं कूट घाला.

पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी मुगाऐवजी वाल घ्या, असं मी आग्रहाने सांगते. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात घालून चिमटीत दाबले की साल बोटात राहते आणि आतला पांढरा-हिरवा दाणा टुणकन उडतो. समोरच्या बाकावर, बाईंच्या टेबलावर, कुठेही. चाळीस मुलं पंधरा मिनिटांत किलोभर बिरडं सोलतात आणि घरी जाऊन ‘आज बिरड्याची उसळ कर’ असा हट्ट धरतात. हातांनी सोललेलं खायची इच्छा होतेच. वाल कच्चे मात्र तोंडात टाकू देऊ नका, ते नीट शिजायलाच हवेत. राजम्याचंही तेच.

मेथीचा प्रयोग त्याहून सोपा. मुंबईत मिळणारी इवलीशी समुद्रमेथी, पांढऱ्या मुळांसकट छोट्या जुड्यांत विकली जाते ती, मुलांनी बाजारात पाहिलेली असते. वर्गातल्या खिडकीत उथळ ट्रेमध्ये वाळूमिश्रित मातीत मेथीदाणे पेरले की आठ-दहा दिवसांत तशाच जुड्या निघतात. कुंड्यांचं बजेट मागत बसू नका, श्रीखंडाचे रिकामे डबे पुरतात.

तक्त्यावर ब्रोकोली

इंटरनेटवरून उतरवलेल्या तक्त्यांवर ब्रोकोली, किन्वा, ब्लूबेरी, बदामाचं दूध. परळच्या चाळीतल्या मुलाला वाटतं, पौष्टिक खाणं हे श्रीमंतांचं काम. त्याऐवजी आठवड्यातून एकदा जवळच्या बाजारातले भाव फळ्यावर लिहा आणि शंभर रुपयांत काय काय येतं ते मुलांना ठरवू द्या. नाचणी हमखास आणा: 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात साधारण 120. पावसाळ्यात दादर-बोरिवलीच्या स्टेशनाबाहेर वसई-पालघरकडच्या बायका टाकळा, कुर्डू, कंटोळी, शेवळं घेऊन बसतात. एखादी जुडी वर्गात नेऊन ओळखायला लावा. शेवळं नीट आंबट घालून शिजवली नाहीत तर घसा खाजतो, तेव्हा ती आज्यांवर सोडा.

उपवासाचं म्हणजे हलकं-पौष्टिक, हा समज श्रावणात उसळी मारतो. साबुदाणा जवळपास नुसतं स्टार्च आहे. खिचडीत जे काही प्रथिन येतं ते शेंगदाण्याचं. राजगिरा, दही, फळं सुचवा आणि पुढे चला.

बी-12 वर मौन

आहार पूर्णपणे वनस्पतींचाच असेल, म्हणजे दूध-दहीसुद्धा नाही, तर बी-12 जीवनसत्त्वाची सोय वेगळी करावीच लागते. पालेभाजी, मोड, ताक न घालता आंबवलेलं इडलीचं पीठ, कशातूनच ते भरवशाने मिळत नाही. ‘झाडांत सगळं असतं’ असं वर्गात सांगू नका, ते खरं नाही. दूध-दही, अंडं, मासे खाणाऱ्यांना ते त्यातून मिळतं. बाकीच्यांनी बी-12 घातलेले पदार्थ किंवा गोळी, डॉक्टरांना विचारून.

लपवाछपवी आणि लाच

पराठ्यात पालक वाटून घालायचा, सॉसमध्ये दुधी लपवायचा, असल्या युक्त्या पालकसभेत फार चालतात. पोटात भाजी जाते हे खरं, पण मुलाची दुधीशी ओळख होत नाही. ज्या दिवशी दुधी दुधीसारखा दिसेल त्या दिवशी पुन्हा नाक मुरडलं जाणार. ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट’ हा सौदा तर उलटाच शिकवतो, की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट ही कमाई. नवी चव लहान मुलांच्या जिभेवर बसायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही द्यावी लागते. एक घास, बळजबरी नाही, नको तर नको, पुढच्या आठवड्यात परत. भाजी पाणचट, जास्त शिजलेली असेल तर मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. भेंडी कोरडी परतून कुरकुरीत करून बघा.

शाळेचं एक आणि वर्गाचं एक

तासाला डाळ-भाजी शिकवायची आणि कॅन्टीनच्या काउंटरवर समोसा-सोडा ठेवायचा, मग मुलं काय खरं मानणार? शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ विकू नयेत, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 2020 चा नियम आहे. मुख्याध्यापकांना तो दाखवा. शाळेत मधल्या वेळची खिचडी येत असेल तर तिलाच गणिताचा विषय करा. पहिली ते पाचवीसाठी माणशी 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीसाठी 150, 30 आणि 75. वीस ग्रॅम डाळ म्हणजे मुठीत किती, हे एकदा वजनकाट्यावर पाहिलं की ‘डाळ जास्त वाढा ना’ असं मुलंच म्हणायला लागतात.

पालकांना पत्रक पाठवताना ‘पौष्टिक डबा द्यावा’ असं मोघम लिहू नका. सकाळची लोकल गाठणाऱ्या आईला त्यातून काहीच मिळत नाही. तिला पाच ओळी द्या: सोमवारी मुगाचे धिरडे, मंगळवारी चवळीची कोरडी उसळ-पोळी, बुधवारी मेथीचं थालीपीठ, गुरुवारी मटार-गाजर घातलेले दडपे पोहे, शुक्रवारी भाजके चणे-शेंगदाणे आणि केळं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं कोणी वर्गात आहे का, हे मात्र आधी विचारून घ्या. वाढदिवसाला टॉफीच्या पिशव्या वाटण्याऐवजी राजगिऱ्याचा लाडू ठरवून टाका. त्यातही गूळ असतोच, म्हणून लहान आणि एकच.