बेंदराच्या बैलांसाठी खाता येईल असा गोळा

कोल्हापुरात बेंदूर हा बैलांचा सण जवळ आला की मुलांना मातीचे बैल करण्याची घाई होते. परंतु हाताला येईल ते तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलासाठी घरीच खाण्याजोगा गोळा मळून देणे अधिक बरे. कच्ची कणीक त्यासाठी वापरू नये, कारण न शिजवलेल्या पिठात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. डाळे मुळातच भाजलेले असल्याने ते मिक्सरमध्ये बारीक वाटून, चाळून घ्यावे.

या पिठाच्या 1 वाटीत अर्धी वाटी दूध पावडर, 2 चमचे पिठीसाखर आणि 2 चमचे पातळ तूप चोळून घ्यावे व नंतर कोमट दूध एकेक चमचा घालत मळावे. दूध एकदम ओतल्यास गोळा बोटांना चिकटतो आणि मग मुलांपेक्षा आपणच वैतागतो. चिमटीत धरून ओढलेले शिंग न तुटता उभे राहिले, म्हणजे गोळा जमला. शिंगाला चीर पडत असेल, तर हाताला तूप लावून पुन्हा मळावे.

लाल रंगासाठी दुधाऐवजी बिटाचा रस आणि पिवळ्यासाठी चिमूटभर हळद घालावी. तांबूस बैल हवा असल्यास दूध व साखर वगळून गुळाचे गाळलेले घट्ट पाणी वापरावे. गूळ तर इथे घरचाच. डोळ्यांना मिरे न लावता तीळ लावावेत, कारण मिरे लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. गोळा ओल्या फडक्याखाली झाकावा आणि त्याच दिवशी संपवावा.