बाराफुटी भिंतीवर बोरघाट

मॉडेल रेल्वेचा नाद लागला की माणूस आधी प्लायवुडचा मोठा तक्ता आणतो आणि त्यावर रुळांचं गोल रिंगण मांडतो. आमच्या डोंबिवलीकडच्या फ्लॅटमध्ये असला तक्ता कायमचा मांडून ठेवायला जागा नसते, म्हणून तो पलंगाखाली जातो. पलंगाखाली गेलेली रेल्वे सहसा परत बाहेर येत नाही. तेव्हा रिंगणाचा नाद सोडा आणि एक भिंत मागून घ्या. छातीच्या उंचीवर ४५ सेंमी रुंदीची फळी. खाली कपाट, टेबल, शिलाई मशीन जे काही असेल ते तिथेच राहू द्या.

आधी हिशेब. एचओ या मॉडेलच्या मापात सगळं १:८७ असतं. आयसीएफचा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा २१.३४ मीटर लांब, म्हणजे मॉडेलमध्ये साडेचोवीस सेंमी. चोवीस डब्यांची गाडी करायची तर नुसते डबेच सहा मीटरच्या घरात जातात. मेन लाइनवरचं चार डिग्रीचं वळण, साधारण ४३७ मीटर त्रिज्येचं, मॉडेलमध्ये पाच मीटर त्रिज्या मागतं. आपण ६० सेंमीवर भागवतो. कोकण रेल्वेचा रत्नागिरीजवळचा पानवल पूल फोटोत फार सुंदर दिसतो, पण तो ६४ मीटर उंच आहे. एवढ्या मापाने तो पाऊण मीटर उंच होईल. म्हणून आवडती जागा निवडू नका, भिंतीवर मावणारी निवडा.

भिंतीवर मावणारी जागा आपल्या दारातच आहे. बोरघाटाची लाइन १८६३ मध्ये सुरू झाली. ती आखताना जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्यापुढे आपल्यासारखीच अडचण होती: चढायचं खूप, वळायला जागा नाही. तोडगा म्हणून खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन बांधलं गेलं. गाडी चढून एका बंद टोकाला यायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. १९२०च्या दशकाच्या अखेरीस नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन गेलं. माझ्या भिंतीवर ते अजून चालू आहे आणि तिथे आयसीएफचे डबे येतात. इतिहासात हे बसत नाही, मला चालतं. तुम्हाला चालत नसेल तर वाफेची इंजिनं आणि जुने डबे घ्या. विजेचा जुना काळ हवा असेल तर घाटातलं डब्ल्यूसीजी-१ आहे, ज्याला लोक खेकडा म्हणायचे. पण ते आलं रिव्हर्सिंग स्टेशन जाता जाता.

या रचनेत गाडी वळसा घेऊन त्याच रुळावर उलट्या तोंडाने परत येत नाही, पुढे-मागे होते. म्हणून रुळांची पोलॅरिटी (विजेची धन-ऋण बाजू) उलटण्याचं झंझट नाही. दर्शनी भागात सांधाही, म्हणजे गाडीचा रूळ बदलायची जागा, एकच लागतो. वाचलेल्या पैशांत तो एक सांधा उत्तम प्रतीचा घ्या.

मापं

भिंत ३.६ मीटर धरू. तीन डबे, पुढे एक इंजिन आणि मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, अशी गाडी सव्वा मीटर भरते, कारण वॅग-७ इंजिनही मॉडेलमध्ये २४ सेंमीचं होतं. उजवीकडचं बंद टोक १.३ मीटर ठेवा, पूर्ण सपाट. त्याच्या तोंडाशी सांधा, तोही सपाट. चढावर सांधा बसवू नका, तिथेच डबे रुळावरून उतरतात. सांध्यापासून डावीकडे दोन लाइनी फुटतात: पुढची उतरत जाते, मागची चढत जाते. डाव्या कोपऱ्यात दोन्ही बोगद्यात शिरून शेजारच्या भिंतीकडे वळतात.

घाटाचा खरा चढ १:३७, म्हणजे ३७ सेंमीला एक सेंमी. तो तसाच ठेवा. मात्र वळणावर चाकं रुळाला घासतात आणि इंजिनाला चढ आणखी जड होतो. एचओसाठी ढोबळ नियम असा की ८१ला सेंमीतल्या त्रिज्येने भागायचं, जे उत्तर येईल तितके टक्के चढ वाढला असं समजायचं. ६० सेंमीच्या वळणाला हा आकडा १.३५ टक्के येतो. सरळ रुळावरचा १:३७ म्हणजे २.७ टक्के, तेव्हा वळणावर तो १:७५ वर आणला की बेरीज पुन्हा तितकीच होते. खरी रेल्वेसुद्धा वळणावर चढ असाच कमी करते. या मापांनी प्रत्येक लाइनीला पाचेक सेंमी उंची मिळते आणि डाव्या टोकाला वरची लाइन खालचीपेक्षा दहा सेंमी वर जाते. डोळ्याला ते पुष्कळ वाटतं.

चढ तपासायला महागडं उपकरण नको. ६० सेंमीच्या स्पिरिट लेव्हलच्या उताराकडच्या टोकाखाली १६ मिमीचा ठोकळा चिकटवा. बुडबुडा मधोमध आला की चढ १:३७. रुळाखालच्या प्लायच्या पट्टीला दर ३० सेंमीवर टेकू द्या, प्रत्येक टेकू आधीच्यापेक्षा ८ मिमी उंच. सपाट भागाची आणि चढाची पट्टी एकाच प्लायमधून अखंड कापा. जोड नसला की प्लाय आपोआप हलकी कमान घेतं आणि चढाच्या पायथ्याशी कपलिंग सुटत नाही.

लाकूड आणि पाऊस

परदेशी पुस्तकांत खोली कोरडी आहे असं गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं. मे आणि डिसेंबरच्या तापमानाने ९१४ मिमीचा फ्लेक्सी (हाताने वाकवता येणारा) रूळ जेमतेम ०.४ मिमी कमी-जास्त होतो. खाली फुगणारं प्लाय त्याहून जास्त हलवतं. म्हणून १२ मिमीचं मरीन प्लाय घ्या, ज्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. साधं आयएस ३०३ प्लाय स्वस्त पडतं, पण ते कोरड्या गावांसाठी ठीक आहे. कापून झाल्यावर वरची बाजू, खालची बाजू आणि सगळ्या कडा प्राइमर लावून बंद करा. एकाच बाजूला रंग लावलेलं प्लाय हमखास वाकतं. भिंत बाहेरची असेल तर फळी आणि भिंत यांच्यात दोन बोटं जागा सोडा, नाहीतर ओल सरळ आत येते.

रुळांच्या जोडांत व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट ठेवा. अपवाद वळणाचा: तिथे फ्लेक्सीचे दोन तुकडे आधी सरळ ठेवून सोल्डर करा आणि मग एकत्र वाकवा, म्हणजे जोडावर कोन पडत नाही. रूळ निकेल सिल्व्हरचेच घ्या. लोखंडी रूळ इथल्या हवेत गंजतात आणि पितळेवर चढणारा थर वीज अडवतो. रुळाखाली ३ मिमी कॉर्क. चिकटवायला रंगाच्या दुकानात मिळणारं ॲक्रिलिक सीलंट पातळ पसरा. पुढे रूळ हलवायचा झाला तर पुट्टीच्या पात्याने तो अख्खा उचलता येतो.

वायरिंग

इथे मी जरा जास्त बोलणार, कारण कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. गाडी अडखळते तेव्हा लोक इंजिन उघडून बसतात. दोष बहुतेक वेळा रुळांच्या जोडपट्टीत असतो. पट्टी रूळ सरळ धरायला आहे, वीज वाहायला नाही. दोन पावसाळे गेले की तिच्या आत काळा थर धरतो आणि पुढच्या रुळाला वीज पोचते न पोचते अशी गत होते.

म्हणून फळीखालून घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिमीची लाल आणि काळी वायर सलग न्या आणि प्रत्येक रुळाच्या तुकड्याला त्यातून स्वतःची बारीक वायर द्या. तुकडा वीतभर असला तरी. दोन अँपिअर ओढले तरी चार मीटरवर जाड वायरीत व्होल्टेज ०.२च्या आसपासच पडतं. मागचा रूळ लाल, पुढचा काळा, हे ठरवलं की ठरवलं. मध्ये रंग संपला म्हणून निळी घालू नका. प्रत्येक वायरीला नंबराचा फेरूल (छोटी नळी) घाला. फळीखाली पाठीवर झोपून टॉर्चच्या उजेडात दोष शोधायची वेळ आली की फेरूलची किंमत कळते.

सोल्डरिंगला रोझिनचंच फ्लक्स. ॲसिडचं फ्लक्स पहिल्या पावसाळ्यातच जोड हिरवा करतं. सोल्डरिंग आयर्न पन्नास-साठ वॅटचं घ्या. लहान आयर्न रूळ तापवायला वेळ लावतं, तोवर स्लीपर वितळतात. गरम टोक क्षणभर टेकवायचं आणि उचलायचं, दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवून.

सांध्याचं क्रॉसिंग, म्हणजे जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात ते टोक, जिवंत हवं, म्हणजे त्यात वीज हवी. प्लास्टिकच्या मेल्या क्रॉसिंगवर हळू चालणारं इंजिन थांबतं, आणि घाटात तर हळूच चालायचं आहे. क्रॉसिंगची पोलॅरिटी सांध्याबरोबर बदलावी लागते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा सहा पायांचा डीपीडीटी स्लाइड स्विच फळीच्या कडेला बसवा आणि त्याच्या दांडीला सांध्याची तार जोडा. एकाच ढकल्यात सांधाही फिरतो आणि वीजही.

डीसीसी (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत) वापरत असाल तर शेवटी नाण्याची परीक्षा. रुपयाचं नाणं रुळांवर आडवं टेकवत दर फुटावर तपासा. प्रत्येक ठिकाणी बूस्टर (रुळांना वीज देणारा डबा) लगेच ट्रिप झाला पाहिजे. जिथे होत नाही, तिथे वायर कमी पडते आहे, आणि एखाद्या दिवशी रुळावरून घसरलेलं इंजिन तिथेच वितळेल.

डबे आणि डोंगर

गाडीला मागून ढकलायची असेल तर डब्यांना वजन हवं. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या एनएमआरए संस्थेच्या शिफारशीने साडेचोवीस सेंमीच्या एचओ डब्याला १६५ ग्रॅमच्या आसपास वजन येतं. बाजारातले डबे पुष्कळदा हलके असतात, त्यांत तळाशी नट चिकटवून भरती करा. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ मिमीच्या आसपास आहे का तेही मोजा. आपोआप उतरणारा डबा बहुधा इथे नापास होतो. आपल्या ब्रॉडगेजचं १६७६ मिमी अंतर या मापात १९.२६ व्हायला हवं, आणि एचओचा रूळ १६.५चा असतो. समोरून पाहिलं तर गाडी जरा अरुंद पायांवर उभी दिसते. बाजूने पाहा.

डोंगर करताना आल्प्ससारखी सुळक्यांची शिखरं करू नका. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर रचून झाला आहे, म्हणून कडा, मग गवताचा टप्पा, परत कडा असा आडव्या पायऱ्यांनी चढतो. थर्माकोलच्या चादरी आडव्याच रचा, कडा सुरीने उभ्या तोडा आणि वर प्लास्टर ऑफ पॅरिस. दगडाचा रंग काळा-तपकिरी. लाल जांभा रत्नागिरीकडे, इथे नाही. महिना एकच ठरवा. मी ऑक्टोबरअखेर घेतलाय: काळे कडे, वाळत चाललेलं गवत, मध्ये कारवीची झुडपं. गवतासाठी वखारीतला भुसा कापडाच्या रंगात रंगवते. वर्षभरात तो पिवळट पडतो आणि ऑक्टोबरला ते शोभतं.

रुळांतल्या खडीसाठी क्रशरची बारीक कच आणा. खरी खडी ६५ मिमीपर्यंत असते, म्हणजे मॉडेलमध्ये पाऊण मिमी. चहाच्या गाळणीतून पडते तीच घ्या. पण पसरण्याआधी तिच्यावरून चुंबक फिरवाच. आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं. ते कण इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि मोटर खातात. खडी पसरून पाणी फवारा, मग फेव्हिकॉलमध्ये तितकंच पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब घालून ड्रॉपरने सोडा. सांध्याच्या हलत्या पात्यांपासून लांब. हे काम दिवाळीनंतर करा. श्रावणात फेव्हिकॉल सुकायच्या आधी त्यावर बुरशी येते.

झाकायला प्लास्टिक नको, आत घाम धरतो. सुती चादरीचे तंतू गिअरमध्ये जातात. जॉर्जेटची जुनी साडी उत्तम. डांबराच्या गोळ्या मात्र जवळपासही ठेवू नका, त्यांच्या वाफेने प्लास्टिकचे डबे मऊ पडतात. झुरळं-कसरीसाठी कोपऱ्यात बोरिक पावडर पुरे. रुळांना सॅंडपेपर कधीच लावू नका, ओरखड्यांत घाण बसते. कापडावर थोडं मिनरल टर्पेंटाइन घेऊन पुसा आणि खिडकी उघडी ठेवा.

शेजारच्या भिंतीवर गाडी उभी करायला यार्ड नको, कॅसेट करा: प्लायच्या १.३ मीटर पट्टीवर ॲल्युमिनियमचे दोन एल-अँगल १६.५ मिमी अंतराने. तेच रूळ आणि तेच वीज वाहणारे. खालच्या लाइनीवरून गेलेली गाडी कॅसेटसकट उचलून वरच्या लाइनीला लावता येते. दोन्ही हातांनी उचला, टोकांना अडसर घालून.

चालवताना

कर्जतला गाडीच्या मागे बँकर लागतात, ते इथेही लावा. गाडी बंद टोकाला पोचली की मागचा बँकरच पुढचं इंजिन होतो आणि शंटिंग लागत नाही. त्यासाठी दोन्ही इंजिनं सारख्या वेगाने चालली पाहिजेत. आधी दोघांना मोकळं, हातभर अंतरावर सोडा. इंजिनातल्या डिकोडर चिपचे सीव्ही (वेग ठरवणारे आकडे) २, ५ आणि ६ बदलत राहा, अंतर वाढत किंवा घटत नाही असं होईपर्यंत.  मागचं इंजिन जोरात असेल तर वळणावर मधला डबा बाहेर फेकतं.

ताशी ३० किलोमीटर म्हणजे मॉडेलमध्ये एक मीटर जायला साडेदहा सेकंद. घड्याळ लावून पाहा, आपण केवढी पळवत होतो ते दिसेल. शेजारची पोरं येऊन “मावशी, फास्ट पळव ना” म्हणतातच. दोन्ही इंजिनांचा सीव्ही ५, म्हणजे सर्वांत जास्त वेगाचा आकडा, सारखाच खाली आणून ठेवा, आणि मग कंट्रोलर खुशाल त्यांच्या हातात द्या.