मूल घडाघडा वाचतं, पण कळतं का? घरी वाचन घेताना या चुका टाळा

तिसरी-चौथीतलं मूल धडा न अडखळता वाचतं आणि आपण निर्धास्त होतो. मग 'गोष्टीत काय झालं?' असं विचारलं की ते पुस्तकात ओळ शोधू लागतं. वाचता येणं आणि वाचलेलं कळणं यांत इथेच गल्लत होते.

याला आपले प्रश्नही खतपाणी घालतात. समजा, वाक्य आहे: 'आजीने शेजारी वालाच्या शेंगांचा वानवळा पाठवला.' खाली प्रश्न: 'आजीने कशाचा वानवळा पाठवला?' वानवळा म्हणजे घरच्या पिकातला भेट म्हणून दिलेला थोडा वाटा, हे अजिबात माहीत नसलेलं मूलही 'वालाच्या शेंगांचा' असं लिहून पूर्ण गुण मिळवतं. त्याऐवजी विचारा: शेंगा बाजारातल्या असतील की परसातल्या? आजीने त्या शेजारी का पाठवल्या असतील? ही उत्तरं ओळीत सापडत नाहीत, त्यासाठी वाक्य समजावंच लागतं.

अडचण नेमकी कुठे आहे हे न पाहता 'अजून वाच, अजून वाच' म्हणत राहणं ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलं की वाचून समजण्यासाठी दोन्ही लागतं: अक्षरांवरून शब्द ओळखणं आणि ती भाषा ऐकून समजणं. घरी हे तपासणं सोपं आहे. एक नवा उतारा मुलाला वाचू द्या आणि तेवढाच अवघड दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा. ऐकलेला कळला, पण स्वतः वाचलेला कळला नाही, तर जोडाक्षरं आणि ओघ यांवर काम करा. ऐकलेलाही कळला नाही, तर शब्द आणि अनुभव कमी पडताहेत. तिथे नुसतं वाचन वाढवून भागणार नाही.

शब्दांसाठी समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून घेऊ नका. 'ओशाळणे म्हणजे लाजणे' एवढं सांगून मुलाच्या हाती काही लागत नाही. पाहुण्यांसमोर कविता म्हणताना आपण लाजतो. डब्यातला लाडू गुपचूप घेताना आई आली की ओशाळतो. असा प्रसंग सांगा, मग मुलाला त्याचा एखादा विचारा, आणि पुढच्या दोन-चार दिवसांत तो शब्द मुद्दाम बोलण्यात आणा. सिंहगडावर देवटाकं पाहिलेल्या, कल्याण दरवाजातून आत आलेल्या मुलाला किल्ल्याच्या धड्यातलं टाकं किंवा बुरूज वेगळं समजवावं लागत नाही. रविवारचा गड हाही वाचनाचाच अभ्यास आहे.

लहान वर्गांतल्या वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याचं उद्दिष्ट आहे. काही घरांत घड्याळ लावलं जातं आणि 'समजून' तेवढं राहून जातं. प्रत्येक काना-मात्रेला टोकणंही थांबवा. 'घडी'चं 'घोडी' झालं तर अर्थ बदलतो, पण तरी वाक्य संपू द्या आणि मग विचारा, 'हे जुळतंय का?' चूक मुलालाच सापडू द्या.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या पालकांनी गोष्टीवर बोलताना मराठी टाळू नये. इंग्रजीत वाचलेल्या गोष्टीबद्दल मूल मराठीत मोकळेपणाने बोलत असेल, तर गोष्ट कळली आहे. कमी पडताहेत ते इंग्रजी शब्द.

पुस्तक झेपणारं हवं. एका पानावर पाचापेक्षा जास्त शब्द अडले, तर ते सध्या तुम्हीच वाचून दाखवा. मूल वाचायला लागलं म्हणून आपण वाचून दाखवणं बंद करू नये, कारण या वयात ऐकून कळणारी गोष्ट वाचून कळणाऱ्या गोष्टीच्या बरीच पुढे असते. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. सुरुवात तिथून करा.

नियमित सराव करूनही तिसरीत अक्षरं उलटसुलट होत असतील, तर रागावू नका. डोळे आणि कान तपासून घ्या आणि वर्गशिक्षकांशी बोला. वार्षिक परीक्षेपर्यंत थांबू नका.